आजी घसरल्या, आणि म्हणाल्या ‘कुणाला सांगू नकोस’

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी तेवीस वर्षांची केअरटेकर, घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम दोन वर्षं करतेय. सध्याच्या घरी तिची सकाळी आठ ते रात्री आठ ड्युटी, रात्री दुसरी बाई येते. पेशंट म्हणजे ८२ वर्षांच्या आजी. दीड वर्षापूर्वी स्ट्रोक आला तेव्हापासून डावी बाजू कमजोर आहे, बोलणं थोडं संथ, पण डोकं एकदम तल्लख. हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असल्याने रक्त पातळ करायची गोळी चालू. परवा दुपारी पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर घेताना खुर्ची सरकली (एका चाकाचा ब्रेक लावायचा राहिला होता, तेवढ्यात हिचा फोनही वाजत होता) आणि आजी घसरत खाली जमिनीवर बसल्या, जाताना डोक्याची मागची बाजू पलंगाच्या कडेला ‘जराशी’ लागली. हिने एकटीनेच काखेत हात घालून त्यांना वर उचललं. आजी म्हणाल्या, मला काही झालेलं नाही, तू कुणाला सांगू नकोस, सांगितलंस तर मला परत डायपरमध्ये टाकतील. कारण मागे एकदा रात्री त्या पडल्या तेव्हा घरच्यांनी त्यांचं पलंगावरून उतरणंच बंद केलं होतं, दीड महिना. हिने हो म्हटलं. आता हिला झोप लागत नाहीये. सांगितलं तर आजींचा विश्वास मोडतो आणि बहुतेक कामही जातं, नाही सांगितलं तर मन खातं. “पेशंटच्या मनाचा मान ठेवायचा असं आम्हाला शिकवलंय, मग मी तेच केलं ना?” असं तिने शेवटी विचारलंय.

रांगेत तुझ्या आधी बरीच पत्रं होती, ती बाजूला ठेवून तुझं घेतलंय, कारण यातला एक भाग थांबण्यासारखा नाहीये. तू मला ताई म्हटलंयस म्हणून सरळ अगं-तुगं करते. खालचं सगळं नंतर वाच. आधी आजींना सांग की मी तुमच्या मुलाला फोन करतेय, आणि मग त्यांच्यासमोरच फोन लाव, सांग की परवा दुपारी आजी घसरून खाली बसल्या, डोकं पलंगाच्या कडेला लागलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे म्हणून डॉक्टरांना आजच विचारा. एवढं बोल आणि मग परत ये.

आलीस? आता बोलू.

तुझ्या पत्रात ‘लागलं नाही’ हे चार वेळा आलंय, मी मोजलं. पण लागलं नाही हे तुला कशावरून कळलं? टेंगूळ नाही, रक्त नाही, आजी हसत होत्या, यावरून. डोक्याच्या बाबतीत हे पुरत नाही गं. म्हातारपणी मेंदू जरा आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात, आणि अशात वॉरफरिन किंवा अपिक्साबॅनसारखी गोळी चालू असेल तर साध्या आपटण्यानेही आत रक्त झिरपायला लागू शकतं, तेही इतकं हळू की त्रास दिसायला कधी काही तास जातात, कधी दिवस, कधी चक्क काही आठवडे. म्हणून परवा हसत होत्या याचा आजच्याशी संबंध नाही. डोकं दुखतंय, उलटी झाली, नेहमीपेक्षा जास्त झोपाळल्या आहेत, बोलण्यात गोंधळ होतोय, कमजोर बाजू अजून कमजोर वाटतेय, बसल्या बसल्या तोल जातोय, यातलं काहीही दिसलं तर मुलगा घरी येण्याची वाट बघत बसायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल. आणि त्यांना जांघेत किंवा कमरेत दुखतंय का तेही विचार, खुब्याच्या हाडाला बारीक तडा असला तर माणूस कधीकधी त्या पायावर उभंही राहतं, म्हणून उभ्या राहिल्या म्हणजे हाड शाबूत असं नसतं. दुखतंय म्हणाल्या तर घरातली कुठलीही पेनकिलर मनाने देऊ नकोस, त्यातल्या बऱ्याचशा या गोळीबरोबर घेतल्या तर रक्तस्राव वाढवतात.

घाबरवायला नाही सांगत आहे. बहुतेक वेळा खरंच काही झालेलं नसतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि त्यात सगळ्यात जास्त साठीच्या पुढची असतात, तेव्हा काही झालंय की नाही हे ठरवायचं काम तुझं नाही, माझंही नाही, डॉक्टरांचं आहे.

आता तुझ्या प्रश्नावर येते. आजींच्या मनाचा मान ठेवला ना मी, असं विचारतेस. मी तुला एक विचारू का, आजी ‘सांगू नकोस’ म्हणाल्या त्या क्षणी तुला हायसं वाटलं होतं का? खरं उत्तर मला नको कळवूस, स्वतःशीच दे. मला तरी वाटलं असतं. किंबहुना वाटलेलं आहे. ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या हातून एक बाई अशाच खाली बसल्या होत्या, त्याही म्हणाल्या जाऊ दे पोरी, आणि मी जाऊ दिलं, वर स्वतःला सांगितलं की पेशंटचीच तशी इच्छा होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कमरेवर हा एवढा काळानिळा डाग, आणि आळ आला रात्रपाळीच्या आयाबाईंवर. त्या बिचाऱ्या शपथा घेत होत्या. मी त्यांच्या बाजूला उभी होते आणि तरी बोलायला मला अर्धा दिवस लागला. तो अर्धा दिवस अजून आठवतो.

तुझ्याकडेही रात्रीची बाई आहे ना. तिचा तुझ्या पत्रात फक्त एका ओळीत उल्लेख आहे. आजी घसरल्या हे माहीत नसताना ती रात्री त्यांना दुखऱ्या कुशीवर वळवणार, किंवा रात्री आजी जास्त झोपल्या तर तिला वाटणार आज शांत झोप लागली वाटतं, बरं झालं. ती तुझ्याइतकीच चांगली असेल, पण माहीतच नसेल तर बघणार कशाकडे?

तर मान ठेवण्याचं म्हणशील तर आजींनी तुला दोन गोष्टी सांगितल्या, आणि तू त्यातली सोपी तेवढी ऐकलीस. ‘सांगू नकोस’ ही सोपी. दुसरी होती ‘मला परत डायपरमध्ये टाकतील’, आणि खरं मागणं तेच आहे. त्यांना गुपित नकोय, त्यांना कमोडवर बसायचंय, स्वतःच्या पायावर अर्धा मिनिट का होईना उभं राहायचंय. गुपित पाळून ते मिळणार नाही, कारण पुढच्या वेळी घसरल्या आणि मग मागचंही बाहेर आलं तर डायपर नक्की आणि तूही नक्की घराबाहेर. ते मिळवून द्यायचं असेल तर तू त्यांच्या बाजूने बोलायला हवंस, उघडपणे.

आणि म्हणूनच मी आधी आजींना सांग म्हटलं. त्यांच्या पाठीमागे जाऊन मुलाला सांगितलंस तर मात्र विश्वास खरंच मोडेल. त्यांच्यापाशी समोर बस, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, उभ्याने नाही, आणि म्हण की आजी मी तुम्हाला हो म्हटलं होतं ते घाबरून म्हटलं, ती माझी चूक, तुमच्या डोक्याला लागलंय आणि ती गोळी चालू आहे त्यामुळे मला सांगावंच लागणार, पण काय सांगायचं आणि तुम्हाला काय हवंय हे आपण दोघी मिळून ठरवू. रागावतील कदाचित. रागावू दे. ऐंशी वर्षांच्या बाईला रागवायचा हक्क आहे, आणि तो तू काढून घेतला नाहीस हाच मोठा फरक आहे. घरात माणूस आजारी पडलं की पहिलं हेच होतं बघ, त्याच्या डोक्यावरून बाकीचे बोलायला लागतात, ‘आज खाल्लं का यांनी’, ‘झोपल्या का नीट’, आणि पेशंट तिथेच बसलेला असतो, ऐकत.

मुलाशी बोलताना आधी घडलं ते सांग, कारणं नंतर. म्हणजे किती वाजता, कुठे, डोकं कुठे लागलं, नंतर काय काय दिसलं. मग ‘एका चाकाचा ब्रेक लावायचा राहिला, आणि दोन दिवस मी सांगितलं नाही, या दोन्ही चुका माझ्या’, एवढंच, रडारड नको आणि फोन वाजत होता वगैरे तर अजिबात नको. त्यानंतर आजींचं म्हणणं, शक्यतो आजींनाच बोलू दे, संथ बोलतात तर थांबा सगळे, कुणी वाक्य पुरं करून देऊ नका. आणि मग यापुढे काय बदलणार ते. हा शेवटचा भाग तू तयारीने गेलीस तर बोलणं ‘आता हिला उतरवायचंच नाही’ इथवर जाण्याआधी वळवता येतं. ‘सेफ’ म्हणून पलंगावरच ठेवू म्हणाले तर नम्रपणे सांग की पलंग पण सेफ नाहीये. सतत झोपून राहिलं की आठ-दहा दिवसांतच म्हाताऱ्या माणसाच्या पायातली ताकद दिसण्याइतकी उतरते, माकडहाडावर आणि टाचांवर बेडसोअर धरायला लागतात, पायात रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, पोट साफ न होणं, सगळं मागोमाग येतं. आणि मग ज्या दिवशी उतरवायची वेळ येईल त्या दिवशी पडायची भीती आधीपेक्षा जास्तच असते. फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून तुम्हा दोघींना, म्हणजे तुला आणि रात्रीच्या बाईला, आजींना उठवायची पद्धत दाखवून घ्या असंही सुचव. घरच्यांनी पण तेव्हा तिथे उभं राहिलेलं बरं.

ती पद्धत मी इथे लिहिते, पण वाचून येत नाही हे काम, हातानेच येतं, म्हणून दाखवून घेच. आजींची डावी बाजू कमजोर, म्हणजे खुर्ची उजवीकडे, चांगल्या बाजूला, पलंगाला जराशी तिरकी आणि अगदी चिकटून. सगळे ब्रेक लावायचे आणि लावल्यावर खुर्ची हाताने ढकलून बघायची, नुसतं बघून समजत नाही. पाय ठेवायच्या पट्ट्या असतील तर बाजूला. आजींना पलंगाच्या कडेला बसवलं की लगेच उभं करायचं नाही, मिनिट-दोन मिनिटं बसू द्यायचं, कारण आडवं पडून एकदम उठलं की बीपी खाली येतं आणि चक्कर येते, विचारायचं गरगरतंय का. तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, पायात न घसरणारी चप्पल किंवा बूट, गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे कधीच नाही. पाय थोडे मागे घ्यायला सांग आणि पुढे वाकायला सांग, नाक गुडघ्यांच्या पुढे येईपर्यंत, तिथून माणूस निम्मं स्वतःच उठतं. तुझा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला अडसर म्हणून, म्हणजे तो दुमडणार नाही. पकड कमरेला, ट्रान्सफर बेल्ट (पेशंटच्या कमरेला बांधून धरायचा रुंद पट्टा) मिळाला तर फारच छान. काखेत हात घालून उचलायचं नाही आणि डावा हात धरून तर कधीच ओढायचं नाही, स्ट्रोकनंतर त्या खांद्याचे स्नायू ढिले झालेले असतात, खांदा सांध्यातून उतरतो आणि ते दुखणं महिनोन् महिने जात नाही. त्यांचे हात तुझ्या गळ्यात नकोत, दोघींच्या मानेला वाईट. आणि एक-दोन-तीन तू नाही म्हणायचं, आजींनी म्हणायचं. त्यांच्या तीनला उठायचं. वळताना पावलं टाकत वळ, कंबर पिळू नकोस. चांगल्या हाताने त्यांनी खुर्चीचा लांबचा हात धरला की मग हळू बसायचं.

आजींनी मोजायचं हे मी उगाच नाही सांगत. तू न सांगता उचललंस तर त्या दचकून अंग आखडतात, मागे रेलतात, आणि तोल तिथेच जातो. त्यांनीच मोजलं की अंग आधीच तयार असतं. हे सगळ्याच कामांना लागू आहे खरं तर. चादर ओढायच्या आधी ‘चादर काढते हं’, पाणी घालायच्या आधी ते पाणी तुझ्या मनगटावर आणि मग त्यांच्या चांगल्या हातावर, कारण कमजोर बाजूला कधीकधी गरम समजतच नाही आणि माणूस भाजतं. कपडे घालताना आधी कमजोर हात बाहीत, काढताना आधी चांगला. अंग पुसताना जेवढं पुसतेय तेवढंच उघडं, बाकी झाकलेलं. अंग पुसताना माकडहाड, टाचा, कमरेची हाडं रोज बघायची, कुठे लाली असेल आणि बोटाने दाबून सोडल्यावर ती पांढरी होत नसेल तर ती बेडसोअरची सुरुवात, त्याच दिवशी सांगायचं आणि तिथे चोळायचं अजिबात नाही.

कमोडवर बसवल्यावर मांडीवर एक चादर टाक आणि दार ओढून घे, पण आजींचा बसल्यावर तोल टिकतो का ते आधी बघ, टिकत असेल तर तू दाराबाहेर हाकेच्या अंतरावर, चांगल्या हातात घंटी देऊन, टिकत नसेल तर आतच, अगदी जवळ, तोंड जरासं वळवून पण लक्ष ठेवून उभी राहा. ‘झालं का’ दर मिनिटाला विचारू नकोस. मी पैज लावून सांगते, घाई वाटली की पेशंट स्वतःच उठायला बघतात आणि तेव्हा पडतात. फोन सायलेंट करून दुसऱ्या खोलीत. पत्रात तू फोनवर अर्ध्या ओळीत आलीस आणि निघून गेलीस म्हणून आठवण करून देते.

आणि पुन्हा कधी घसरल्याच (घसरतील, हे काम करणाऱ्या कुणालाही शंभर टक्के हमी देता येत नाही), तर वजन पेलून धरायचा प्रयत्न करू नकोस. स्वतःजवळ ओढून घे, एक पाय पुढे कर आणि तुझ्या मांडीवरून त्यांना हळूहळू खाली बसू दे, लक्ष डोक्याकडे. खाली बसल्यावर लगेच उचलायचं नाही! हीच परवाची सगळ्यात मोठी चूक होती, ब्रेकपेक्षा मोठी. आधी श्वास घेऊ दे, कुठे दुखतंय विचार, डोकं लागलं का, मान-पाठ दुखते का, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का बघ. यातलं काहीही असलं तर न हलवता, पांघरूण घालून तिथेच ठेव आणि ॲम्ब्युलन्स बोलव. काहीच नसलं तरी एकटीने उचलायचं नाही, दुसरं माणूस येईपर्यंत शेजारी खाली बसून राहा. जमिनीवर बसण्यात लाजेचं काही नाही, दोघी बसा.

एक वही सुरू कर. भारीतली नको, साधी. वेळ, काय झालं, काय दिसलं, कुणाला सांगितलं. ‘आजींनी त्रास दिला’ असं नाही लिहायचं, ‘अंग पुसायला नको म्हणाल्या, संध्याकाळी पुसलं’ असं लिहायचं. वही रात्रीच्या बाईसाठी आहे, घरच्यांसाठी आहे, आणि एक दिवस तुझ्या बाजूने साक्ष द्यायलाही तीच येईल. आजींना पण ती वाचायला दे, त्यांच्याबद्दलच आहे ना.

कामाचं. जाईल का? जाऊ शकतं, मी नाही म्हणणार नाही. काही घरं अशी असतात की पहिलंच वाक्य ‘तुझं लक्ष कुठे होतं’ आणि दुसरं ‘उद्यापासून येऊ नकोस’. पण मग त्यांच्याकडे येणारी पुढची मुलगी काय शिकेल, तर लपवायला. हे वाचणारे जे घरचे लोक आहेत त्यांना म्हणून सांगते, तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईने स्वतःहून चूक येऊन सांगितली तर आधी ‘आई कशी आहे’ विचारा आणि मग ‘तुला लागलं का’ विचारा, लक्ष कुठे होतं ते संध्याकाळी विचारा हवं तर. बारा-बारा तास माणसं राबवायची, मधे पाठ टेकायला अर्धा तास नाही, उचलायची पद्धत कुणी दाखवलेली नाही, आणि ब्रेक राहिला की सगळं तिच्यावर, हे काही बरोबर नाही. तू जिथून लागली आहेस त्या ऑफिसलाही आजच कळव, घरच्यांकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळलेलं बरं. तिथे गप्प बस म्हणाले तर तसं म्हणाले हेही वहीत जाईल.

तुझी पाठ दुखतेय हे पत्राच्या ताज्या कलमात, म्हणजे सही झाल्यावर खाली, बारीक अक्षरात लिहिलंयस. एकटीने उचललंस ना, दुखणारच. पायात मुंग्या येत असतील किंवा दुखणं मांडीतून खाली उतरत असेल तर डॉक्टरांना दाखव, आणि दोन-तीन दिवस वजन उचलायचं काम तुला झेपणार नाही हे घरी सांग, कारण दुखऱ्या पाठीने उचललंस तर दोघी पडाल. मुलाशी काय बोलणं झालं ते कळव. आजी काय म्हणाल्या ते पण.